गॉटिंगेनचे आचार्य : लुडविग प्रांट्ल

यंत्र अभियांत्रिकीच्या किंवा विमानविद्येच्या उच्च शिक्षणासाठी विद्यापीठात गेलेल्या विद्यार्थ्याला एक नाव पहिल्या वर्षापासून पुन्हापुन्हा भेटत राहते. उष्णतावहनाच्या तासाला प्रांट्ल अंक, प्रवाहशास्त्राच्या तासाला प्रांट्ल यांचा सीमास्तर, ध्वनीहून अधिक वेगाच्या प्रकरणात प्रांट्ल-मायर विस्तार, प्रयोगशाळेत हवेचा वेग मोजताना प्रांट्ल नलिका. नाव पाठ होते, सूत्रे पाठ होतात, परीक्षाही उत्तीर्ण होते. त्या नावामागचा माणूस मात्र बहुधा अपरिचितच राहतो. तो माणूस जन्मभर शिक्षक होता. त्याच्या हाताखाली ऐंशीहून अधिक विद्यार्थ्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि त्यांपैकी एक आपल्या कोल्हापूरकडचा होता. शाळेच्या स्मरणिकेत अशा शिक्षकाची ओळख करून देणे अप्रस्तुत ठरू नये.

लुडविग प्रांट्ल यांचा जन्म ४ फेब्रुवारी १८७५ रोजी जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात, म्युनिकजवळच्या फ्रायझिंग या गावी झाला. वडील अलेक्झांडर हे तेथील कृषी महाविद्यालयात भूमापन व अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. आई मॅग्डालेना दीर्घकाळ आजारी असे. त्यामुळे मुलाचा पुष्कळसा वेळ वडिलांच्या सहवासात, त्यांच्या पुस्तकांत आणि उपकरणांत जाई. निसर्गात जे दिसते ते नीट पाहावे आणि पाहिलेल्यावर विचार करावा, ही सवय वडिलांनी लावली. पुढे मोठ्या गणितज्ञांच्या सहवासात वावरतानाही प्रांट्ल यांचा हा स्वभाव बदलला नाही. एखादी गोष्ट आधी त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहत असे आणि समीकरण तिच्या मागून येत असे.

म्युनिकच्या तांत्रिक महाविद्यालयात ऑगस्ट फॉप्ल या नामवंत प्राध्यापकांच्या हाताखाली त्यांनी यामिकीचा अभ्यास केला. उंच व अरुंद तुळईवर भार वाढवीत नेला, तर ती वाकण्याऐवजी एकाएकी बाजूला कलंडते. या घटनेवर त्यांनी प्रबंध लिहिला. तांत्रिक महाविद्यालयाला त्या काळी डॉक्टरेट देण्याचा अधिकार नसल्याने ही पदवी त्यांना १९०० साली म्युनिक विद्यापीठाकडून घ्यावी लागली. अभियंत्यांना विद्यापीठांच्या पंगतीत पाट मिळायचा होता, असा तो काळ होता. प्रबंधाचा विषय घन पदार्थांचा होता, वाहत्या हवेशी त्याचा काहीही संबंध नव्हता. तो संबंध आला एका कारखान्यातल्या भुशामुळे.

पदवीनंतर प्रांट्ल न्युरेंबर्ग येथे एका मोठ्या यंत्रनिर्मिती कारखान्यात अभियंता म्हणून रुजू झाले. यंत्रांवर काम करताना निघणारा भुसा व किस हवेच्या झोताने ओढून नेणारी एक यंत्रणा तेथे होती. ती नीट चालेना. सुधारणेचे काम या नव्या अभियंत्याकडे आले. नळ हळूहळू रुंद होत गेला की त्यातील हवेचा वेग कमी होतो आणि दाब पुन्हा वाढतो, असे पुस्तकात लिहिलेले होते. त्या भरवशावर केलेल्या रचनेत दाब अपेक्षेप्रमाणे वाढला नाही. हवेचा प्रवाह नळाच्या भिंतीला धरून राहण्याऐवजी मध्येच तिच्यापासून सुटत होता. प्रांट्ल यांनी यंत्रणा दुरुस्त केली, तिला लागणारी शक्तीही पुष्कळ कमी केली आणि कारखान्याचे काम भागले. मालक संतुष्ट झाले असतील, प्रांट्ल झाले नाहीत. प्रवाह भिंतीपासून का सुटला, हा प्रश्न त्यांनी बरोबर घेतला. काम झाल्यावरही प्रश्न न सोडणारा माणूस कारखान्यात फार काळ टिकत नाही. १९०१ मध्ये, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, ते हॅनोव्हरच्या तांत्रिक महाविद्यालयात यामिकीचे प्राध्यापक झाले.

या प्रश्नामागे दीडशे वर्षांचा इतिहास होता. द्रवात वा वायूत अंतर्गत घर्षण मुळीच नाही असे मानले तर गणित अत्यंत सुंदर होते, परंतु १७५२ मध्ये फ्रेंच गणितज्ञ दालांबेर यांनी दाखवून दिले की, अशा आदर्श प्रवाहात स्थिर वेगाने जाणाऱ्या वस्तूला प्रवाहाचा कोणताही विरोध होणार नाही. नावाड्याला वल्हवताना घाम फुटतो आणि गणित म्हणते विरोध शून्य! घर्षण, म्हणजेच द्रवाची श्यानता, हिशोबात घेणारी समीकरणे एकोणिसाव्या शतकात नाव्हिए आणि स्टोक्स यांनी मांडली. ती बरोबर होती, पण एवढी अवघड की व्यवहारातील कोणत्याही आकारासाठी ती सुटत नसत. परिणामी गणितज्ञ एका काठावर आणि कालवे, पंप व जहाजे बांधणारे अभियंते दुसऱ्या काठावर, अशी स्थिती झाली. दोघांना एकमेकांचे म्हणणे निरुपयोगी वाटे.

ऑगस्ट १९०४ मध्ये हायडेलबर्ग येथे गणितज्ञांची तिसरी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. एकोणतीस वर्षांच्या प्रांट्ल यांना तेथे दहा मिनिटे मिळाली. अत्यल्प घर्षण असलेल्या द्रवांच्या गतीविषयी त्यांनी जे सांगितले, ते पुढच्या वर्षी परिषदेच्या इतिवृत्तात जेमतेम आठ पानांत छापले गेले. त्या आठ पानांतून एक नवे शास्त्र निघाले.

त्यांचे म्हणणे समजण्यासाठी मोठ्या गणिताची गरज नाही. छताचा पंखा दिवसभर गरगर फिरतो, तरी त्याच्या पात्यांवर धूळ साचलेली असते. एवढ्या वाऱ्याने ती उडून का जात नाही? कारण पात्याच्या पृष्ठभागाला अगदी लगटून असलेली हवा पात्याला चिकटून त्याच्याबरोबरच फिरते. पात्याच्या दृष्टीने ती स्थिरच असते. पृष्ठभागापासून जरा दूर गेले की हवेचा वेग झपाट्याने वाढतो आणि थोड्याच अंतरावर तो पूर्ण होतो. शून्यापासून पूर्ण वेगापर्यंतचा हा सगळा फरक ज्या पातळ थरात सामावतो, तो सीमास्तर. सेकंदाला दहा मीटर वेगाने वाहणाऱ्या वाऱ्यात मीटरभर लांबीची गुळगुळीत फळी धरली, तर तिच्या शेवटाशी या थराची जाडी पाच-सहा मिलिमीटरच भरेल. प्रांट्ल यांनी सांगितले ते असे : घर्षणाचा सारा प्रताप या थरातच चालतो. त्याच्या बाहेर घर्षण नाहीच असे समजून जुने सुंदर गणित खुशाल वापरावे. थराच्या आत अवघड समीकरणे वापरावी लागतील खरी, पण थर पातळ असल्यामुळे त्यांतील पुष्कळशी पदे नगण्य ठरतात आणि समीकरणे आवाक्यात येतात.

न्युरेंबर्गच्या नळाचे उत्तरही याच थरात होते. पुढे दाब वाढत असेल, तर त्या चढणीवर बाहेरची वेगवान हवा आपल्या गतीच्या जोरावर निभावून जाते. सीमास्तरातली हवा घर्षणाने आधीच थकलेली असते. ती थांबते, मागे वळते आणि मुख्य प्रवाह भिंतीपासून सुटतो. त्याच्यामागे भोवरे निर्माण होतात, आणि नावाड्याला फुटणाऱ्या घामाचे एक मोठे कारण हेच. हे दाखविण्यासाठी प्रांट्ल यांच्याजवळ मोठी प्रयोगशाळा नव्हती. पाण्याची एक लांबट पेटी, पाणी फिरते ठेवणारे एक चाक आणि ते फिरविण्यासाठी हाताचा दांडा, एवढेच साधन होते. पाण्यात चमकदार खनिजाचे कण सोडायचे, दांडा फिरवायचा आणि छायाचित्र घ्यायचे. दांडा फिरवीत त्या पेटीशेजारी उभ्या असलेल्या तरुण प्रांट्ल यांचे छायाचित्र आजही अनेक पाठ्यपुस्तकांत आढळते.

परिषदेतील बहुतेकांना या दहा मिनिटांचे महत्त्व उमगले नाही. गॉटिंगेन विद्यापीठातील थोर गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी मात्र हा माणूस आधीच हेरून ठेवला होता. शुद्ध गणिताच्या त्या माहेरघरात उपयोजित विज्ञानालाही मानाचे स्थान मिळावे म्हणून क्लाइन यांनी उद्योगपतींना एकत्र आणून निधी उभारला होता. त्यांनी प्रांट्ल यांना गॉटिंगेनला बोलावले. हॅनोव्हरला प्रांट्ल पूर्ण प्राध्यापक होते आणि गॉटिंगेनचे पद दर्जाने एक पायरी खालचे होते. तरीही त्यांनी ते स्वीकारले. पूर्ण प्राध्यापकपद १९०७ मध्ये मिळाले आणि मरेपर्यंत त्यांनी ते गाव सोडले नाही.

शिक्षक म्हणून प्रांट्ल कसे होते? रूढ अर्थाने ते चांगले वक्ते नव्हते. प्रत्येक विधान अचूक असावे या ध्यासापायी ते एक वाक्य उच्चारीत, मग त्याला मर्यादा घालीत, मग त्या मर्यादेलाही अपवाद जोडीत. विद्यार्थी पेंगुळत. व्यवहारात ते लहान मुलासारखे भाबडे होते. त्यांच्या विवाहाची एक कथा त्यांचे शिष्य कार्मान यांनी पुढे सांगितली. आपले गुरू फॉप्ल यांच्या घरी दोन मुली होत्या. त्यांपैकी एकीला मागणी घालणारे पत्र प्रांट्ल यांनी मुलींच्या आईला धाडले, परंतु कोणत्या मुलीला, हे लिहायचेच राहून गेले. घरच्या मंडळींनी विचारविनिमय करून थोरलीचे नाव ठरविले म्हणे. कथेत कार्मान यांनी पदरचे मीठमसाला किती घातले असेल ते असो. १९०९ मध्ये गेरट्रूड फॉप्ल यांच्याशी विवाह झाला आणि संसार सुखाचा झाला, हे मात्र खरे.

अशा माणसाभोवती विद्यार्थ्यांची एवढी मोठी परंपरा कशी उभी राहिली, याचे उत्तर वर्गाबाहेर शोधावे लागते. प्रांट्ल विद्यार्थ्याला तयार उत्तर देत नसत. एक नेमका, हाताळता येईल एवढाच प्रश्न देत, आणि मग त्या प्रश्नाशी महिनोन् महिने झुंजणाऱ्या विद्यार्थ्याशेजारी उभे राहत. सपाट फळीवरील सीमास्तराचे गणित त्यांनी ब्लाझिउस यांच्याकडे सोपविले. त्यांनी ते १९०८ मध्ये सोडवून फळीवरील घर्षणाचा आकडा मिळविला. त्याच वर्षी मायर यांनी ध्वनीहून वेगवान प्रवाहाचा अभ्यास पूर्ण केला. तेव्हा विमाने कशीबशी ताशी साठ-सत्तर किलोमीटर वेगाने उडत होती, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे गुरूची नजर किती लांबवर होती हे कळते.

हायमेन्झ नावाच्या विद्यार्थ्याची हकिकत तर संशोधनाला बसणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी अशी आहे. पाण्याच्या प्रवाहात उभ्या केलेल्या वाटोळ्या खांबाभोवतीचा दाब मोजण्याचे काम प्रांट्ल यांनी त्याला दिले. प्रवाह काही केल्या स्थिर होईना, खांबामागे सारखा डोलत राही. प्रांट्ल म्हणाले, खांब पुरता गोल नसेल. हायमेन्झने तो घासून अगदी गोल केला. डोलणे चालूच. मग पेटीच्या दोन्ही बाजू सारख्या नसतील अशी शंका निघाली. त्याही त्याने काटेकोर करून घेतल्या. डोलणे थांबले नाही. तेथे सहायक असलेले हंगेरियन तरुण थिओडोर फॉन कार्मान रोज सकाळी येता-जाता, प्रवाह अजून डोलतो आहे का, अशी विचारपूस करीत, आणि हायमेन्झ खिन्नपणे होकार देई. शेवटी कार्मान यांच्या मनात आले की, प्रवाह एवढ्या हट्टाने डोलतो त्यापाठीमागे निसर्गाचाच नियम असला पाहिजे. शनिवार-रविवार बसून त्यांनी हिशोब केला. खांबाच्या डाव्या-उजव्या बाजूंनी आळीपाळीने सुटणाऱ्या भोवऱ्यांची एक विशिष्ट मांडणीच टिकून राहू शकते, असे निघाले. १९११ सालची ती भोवऱ्यांची रांग आज कार्मान यांच्या नावाने ओळखली जाते. उंच धुराडी, झुलते पूल आणि विजेच्या तारा वाऱ्यात का थरथरतात, हे तिच्यावरून कळते. बिचाऱ्या हायमेन्झच्या वाट्याला त्या शोधाचे नाव आले नाही. त्याने घासून गोल केलेल्या खांबावाचून तो शोध लागला नसता, हेही तितकेच खरे.

१९०८ मध्ये गॉटिंगेनला वातविवर, म्हणजे विंड टनेल, उभे राहिले. एक मोठा पंखा बंदिस्त चौकोनी बोगद्यातून हवा गोल फिरवी आणि त्या झोतात हवाई जहाजांच्या व पंखांच्या प्रतिकृती टांगून त्यांवरील बल मोजले जाई. फिरून तीच हवा परत आणण्याची ही रचना पुढे जगभर स्वीकारली गेली. याच विवरातील एका वादाने प्रांट्ल यांच्या प्रतिभेचे सर्वांत देखणे उदाहरण पुढे आणले. पॅरिसचा मनोरा बांधणारे गुस्ताव्ह आयफेल उतारवयात हवेच्या विरोधावर प्रयोग करीत होते. चेंडूवर होणाऱ्या विरोधाचा त्यांचा आकडा गॉटिंगेनच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी होता. फ्रेंचांनी हिशोबात चूक केली, असे गॉटिंगेनला प्रथम वाटले. चूक नव्हती. आयफेल यांच्या प्रयोगात वेग अधिक होता, आणि वेग एका मर्यादेपुढे गेला की विरोधाचा गुणांक एकदम खाली येत होता.

याचा उलगडा प्रांट्ल यांनी १९१४ मध्ये केला, तोही एका बारीक तारेने. चेंडूच्या पुढच्या अर्ध्या भागावर तारेचे कडे बसविले तर विरोध वाढेल, असे कोणीही म्हणेल. तो कमी झाला. तारेमुळे सीमास्तरातील शिस्तबद्ध, थराथरांचा प्रवाह विस्कटून संक्षुब्ध होतो. त्या खळबळीत बाहेरच्या वेगवान हवेचा जोर आतल्या थकलेल्या हवेला मिळतो आणि ती चेंडूला आणखी मागेपर्यंत धरून राहते. मागचा भोवऱ्यांचा पसारा आवळला जातो आणि विरोध घटतो. अधिक वेगाने हीच किमया तारेवाचूनही घडते. गोल्फच्या चेंडूवरील खळगे हेच काम करतात. क्रिकेटमध्ये नव्या चेंडूची शिवण तिरपी धरणारा गोलंदाजही नकळत याच नियमाचा आधार घेत असतो : शिवणीच्या बाजूचा सीमास्तर विस्कटतो, दुसऱ्या बाजूचा तसाच राहतो, आणि चेंडू हवेत वळतो.

पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्कराच्या पैशातून मोठे वातविवर बांधले गेले आणि पंखांविषयीचा सिद्धांत पूर्णत्वास आला. विमान उचलून धरण्याच्या मोबदल्यात पंखाच्या टोकांशी भोवरे सुटतात आणि त्यामुळे एक वेगळाच विरोध उत्पन्न होतो. पंख जितका लांब व अरुंद, तितका तो विरोध कमी. या विषयावर इंग्रज अभियंते लँचेस्टर यांनी आधी मूलगामी विचार केला होता आणि १९०८ मध्ये ते गॉटिंगेनला येऊनही गेले होते. श्रेय कोणाचे किती, यावर पुढे पुष्कळ चर्चा झाली. कल्पना लँचेस्टर यांना आधी दिसली आणि अभियंत्याला वापरता येईल असे गणित प्रांट्ल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले, असा निवाडा न्याय्य वाटतो. या सिद्धांतातील एका समीकरणाने पुढे बरीच वर्षे प्रांट्ल यांनाही दाद दिली नव्हती. कोणत्याही आकाराच्या पंखावर उचल कशी वाटली जाते, ते काढण्याची सोपी रीत १९३१ मध्ये त्यांच्या संस्थेत आलेल्या इर्मगार्ड लोट्झ या तरुणीने शोधून काढली. त्याच पुढे फ्ल्युगे-लोट्झ या नावाने अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पहिल्या महिला अभियांत्रिकी प्राध्यापक झाल्या. जर्मनीत मात्र त्यांना प्राध्यापकपद कधी मिळाले नाही.

१९२५ मध्ये प्रांट्ल यांच्यासाठी प्रवाहसंशोधनाची स्वतंत्र संस्था निघाली. संक्षुब्ध प्रवाहावरील त्यांचे काम याच काळातले. त्या क्षेत्रात त्यांचे सर्वांत तुल्यबळ प्रतिस्पर्धी होते त्यांचेच शिष्य कार्मान. गुरुशिष्यांची ती स्पर्धा दोघांनीही सभ्यपणे आणि ईर्ष्येने खेळली.

येथवरचे चरित्र सांगायला सोपे आहे. पुढचे नाही.

१९३३ मध्ये जर्मनीत हिटलरची सत्ता आली आणि काही महिन्यांतच गॉटिंगेनचे गणित व भौतिकी उजाड झाले. कूरांट, बॉर्न, एमी नोएथर यांच्यासारखे ज्यू प्राध्यापक पदांवरून दूर केले गेले. कूरांट यांच्या बाजूने निघालेल्या अर्जावर प्रांट्ल यांनी सही केली. वर्णश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते हायझेनबर्ग यांच्यामागे लागले, तेव्हा १९३८ मध्ये प्रांट्ल यांनी थेट हिमलर यांना पत्र लिहून त्यांची बाजू मांडली. याला धैर्य लागते. ते नाझी पक्षाचे सभासदही नव्हते. मात्र याच राजवटीत हवाई मंत्रालयाचा पैसा त्यांच्या संस्थांकडे अपूर्व प्रमाणात वाहू लागला, वातविवरे वाढली, आणि युद्धकाळात त्या मंत्रालयाच्या संशोधनाची धुरा वाहणाऱ्यांत प्रांट्ल होते. केंब्रिजचे शास्त्रज्ञ जी. आय. टेलर हे त्यांचे जुने स्नेही. युद्धापूर्वी टेलर दांपत्याला लिहिलेल्या पत्रांत प्रांट्ल यांनी आपल्या सरकारची तरफदारी केली. इंग्रजी वृत्तपत्रे जर्मनीविषयी खोटे लिहितात, अशी त्यांची समजूत होती. टेलर यांना ते वाचून काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. चेंडूभोवतीची हवा कोठे सुटते हे ज्याला नुसत्या नजरेने दिसे, त्याला स्वतःच्या गावातून माणसे का नाहीशी होत आहेत हे दिसले नाही, की दिसूनही त्याने पाहिले नाही? भाबडेपणा हे याचे उत्तर म्हणून नेहमी दिले जाते. ते पुरेसे वाटत नाही.

याच वर्षांत विष्णू माधव घाटगे हे मराठी तरुण गॉटिंगेनला शिकत होते. कोल्हापूरकडील एका खेड्यात १९०८ मध्ये जन्मलेले घाटगे मुंबई विद्यापीठातून पदवी घेऊन तेथे पोचले आणि प्रांट्ल यांच्या मार्गदर्शनाखाली १९३६ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. एका परतंत्र देशातून आलेल्या विद्यार्थ्याला त्या गुरूने तीच शिस्त शिकविली, जी कार्मान यांना शिकविली होती. मायदेशी परतल्यावर घाटगे बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात गेले. १९४२ मध्ये तेथील भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचे उच्च शिक्षण सुरू झाले, तेव्हा पहिली जबाबदारी त्यांनी उचलली. त्यांच्या मार्गदर्शनाखाली अभिकल्पित झालेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये उडाले आणि ‘किरण’ हे जेट प्रशिक्षण विमान १९६४ मध्ये.

एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकी सैन्याने गॉटिंगेन घेतले. त्यानंतर काही दिवसांनी सेनाधिकाऱ्याच्या गणवेशात एक शास्त्रज्ञ आपल्या जुन्या गुरूची चौकशी करण्यासाठी तेथे आला. ते कार्मान होते. स्वतः ज्यू असलेल्या कार्मान यांनी १९३० मध्येच जर्मनीतील आखेनहून कॅलिफोर्नियाची वाट धरली होती. त्यांच्याबरोबर त्यांचा चिनी शिष्य चिएन श्युए-सेन हाही गणवेशात होता. हाच पुढे चीनच्या अग्निबाण कार्यक्रमाचा जनक ठरला. एका खोलीत गुरू, शिष्य आणि प्रशिष्य समोरासमोर बसले. त्या दौऱ्यात पाहिलेला नॉर्डहाउझेनचा भूमिगत अग्निबाण कारखाना आणि तेथे कैद्यांचे झालेले हाल कार्मान यांच्या डोळ्यांपुढे होते. प्रांट्ल यांनी तक्रार केली ती आपल्या घराच्या छपराची : अमेरिकी बाँबने ते मोडले होते. पुढच्या संशोधनाला आता पैसा कोठून मिळेल, हीही चिंता त्यांनी बोलून दाखविली. कार्मान यांनी हा प्रसंग आत्मचरित्रात नोंदविला आहे. गुरूविषयीचा आदर आणि मनातील कडवटपणा या दोहोंपैकी एकही त्यांनी लपविलेला नाही.

अखेरच्या वर्षांत प्रांट्ल हवामानशास्त्राकडे वळले. पृथ्वीभोवतीचे वारेही शेवटी एका प्रचंड सीमास्तरातच वाहतात, तेव्हा हे वळण स्वाभाविक होते. नोबेल पारितोषिक त्यांना कधी मिळाले नाही. १५ ऑगस्ट १९५३ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, गॉटिंगेन येथे त्यांचे निधन झाले.

त्याच्या दोन वर्षे आधी, कार्मान यांनी घडविलेल्या कॅलिफोर्नियातील संस्थेत सतीश धवन नावाच्या भारतीय विद्यार्थ्याने प्रबंध सादर केला होता. कार्मान यांनीच तेथे आणलेले हान्स लीपमन हे त्यांचे मार्गदर्शक. सपाट फळीचा एक छोटासा तुकडा मूळ फळीपासून सुटा करून, हवा त्याला घर्षणाने किती ओढते ते धवन यांनी प्रत्यक्ष मोजले. कमी वेगाच्या शांत, थराथरांच्या प्रवाहात त्यांना मिळालेले आकडे ब्लाझिउस यांनी १९०८ मध्ये गॉटिंगेनला कागदावर काढलेल्या आकड्यांशी जुळले.